डब्यावरचे बाळ आणि पाळण्यातले बाळ

गोऱ्यापान, गुबगुबीत, गालांना खळ्या पडणाऱ्या मुलाला आपल्याकडे आजही कौतुकाने 'अमूल बेबी' म्हटले जाते. त्याआधीच्या पिढीत हेच कौतुक 'ग्लॅक्सो बेबी' या शब्दांत होत असे. दोन्ही शब्द दुधाच्या भुकटीच्या डब्यांवरून आले आहेत. जाहिरातीतील वाक्ये काही वर्षांत विसरली जातात. डब्यावरचे बाळ मात्र आपल्या बोलण्यात उतरले आणि निरोगी बालक कसे दिसावे, याचे माप होऊन बसले.

गेल्या पाव शतकाहून अधिक काळ बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांत 'डॉक्टरसाहेब, बाळ अंग का धरत नाही?' या प्रश्नाचा क्रमांक फार वरचा आहे. बाळाला तपासावे, वजन करावे, तर पुष्कळदा सारे व्यवस्थित असते. बाळ हसते-खेळते, दूध ओढते, वेळेवर मान धरते. तरीही आई आणि विशेषतः आजी समाधानी नसतात. त्यांच्या मनात दुसरे एक बाळ असते आणि ते पाळण्यातल्या बाळाहून नेहमी सरस असते. हे दुसरे बाळ कोठून आले, ते आपल्या घरातील खरेदीवर आणि मुलांच्या आहारावर कसा परिणाम करते, आणि डॉक्टर व ग्राहक या दोन्ही नात्यांनी आपण त्याकडे कसे पाहावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

चित्राचे सामर्थ्य कशात आहे?

वाक्य आणि चित्र यांत एक मूलभूत फरक आहे. 'हे दूध पाजल्याने बाळ धष्टपुष्ट होते' असे कोणी छापले, तर तो दावा होतो. दाव्याला पुरावा मागता येतो आणि तो न मिळाल्यास दावा खोटा ठरवता येतो. त्याच डब्यावर केवळ एक धष्टपुष्ट बाळ छापले, तर कोणताच दावा केलेला नसतो. त्या बाळाने हे दूध प्यायले आहे, असे कोठेही लिहिलेले नसते. दूध आणि बाळ यांची सांगड पाहणारा स्वतःच घालतो, आणि आपण स्वतः काढलेल्या निष्कर्षावर मनुष्य सहसा शंका घेत नाही. निरक्षर स्त्रीपासून पदवीधरापर्यंत सर्वांवर चित्राचा प्रभाव पडतो, त्याचे एक कारण हे आहे.

बाळाच्या चित्राला निसर्गाचीही साथ आहे. प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये असे मांडले की मोठे डोके, उंच कपाळ, मोठे डोळे, फुगीर गाल आणि आखूड हातपाय ही लक्षणे दिसताच मोठ्या माणसाच्या मनात माया आणि जपण्याची इच्छा आपोआप जागी होते. ही प्रेरणा माणसाला मूल वाढवता यावे म्हणून मिळाली आहे. डब्यावरचा चित्रकार तिचा उपयोग विक्रीसाठी करतो. तो ही लक्षणे नेमकी ठळक करतो, सावळा रंग उजळ करतो, गाल थोडे अधिक भरतो.

तिसरे कारण सवयीचे आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले की एखादी गोष्ट नुसती वारंवार डोळ्यांसमोर आली, तरी ती अधिक आवडू लागते; तिच्याविषयी काही नवे कळण्याची आवश्यकता नसते. भिंतीवरचे कॅलेंडर वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस हेच काम करीत असते.

गुटीच्या बाटलीपासून भुकटीच्या डब्यापर्यंत

आपल्या देशात लहान मुलांच्या वस्तूंचा व्यापार प्रारंभापासून चित्रावर उभा राहिला. विल्यम वुडवर्ड या इंग्रज औषधविक्रेत्याने १८५१ मध्ये नॉटिंगहॅम येथे ग्राइप वॉटर तयार केले. त्याच्या बोधचिन्हात दोन्ही हातांनी सापांशी झुंजणारे बाळ आहे. ते मूळचे ग्रीक कथेतील हर्क्युलिस. परंतु भारतीय डोळ्याला त्यात कालियामर्दन करणारा बाळकृष्ण दिसला, तर नवल नाही. पुढे भारतात बाळकृष्णाच्या चित्रांची ग्राइप वॉटरची कॅलेंडरेही निघाली. ती देवघराशेजारी लागली आणि वर्ष संपल्यावरही उतरली नाहीत. मूळ ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क असे, ही गोष्ट त्या चित्राकडे पाहून कोणाच्या मनात येण्याचा संभव नव्हता.

ग्लॅक्सोची कथाही अशीच आहे. १९२४ मध्ये मुंबईत एच. जे. फॉस्टर आणि कंपनी ही पेढी स्थापन झाली, ती ग्लॅक्सो हे बाळदूध भारतात विकण्यासाठी. त्या भुकटीचे इंग्रजी घोषवाक्य 'गुटगुटीत बाळे घडवते' अशा अर्थाचे होते, आणि घोषवाक्याहून अधिक बोलके होते ते त्याबरोबरचे बाळ. आपल्या महिला मंडळांतून आणि गणेशोत्सवांतून होणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धांत परीक्षकांच्या डोळ्यांसमोर नकळत कोणते बाळ असते, हे यावरून ध्यानात यावे.

चित्रामागची किंमत

या चित्राची किंमत बालकांनी मोजली, हे वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्ये सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये 'दूध आणि खून' अशा अर्थाच्या शीर्षकाचे भाषण केले. गोड आटवलेले दूध तान्ह्या बाळांसाठी म्हणून खपवणे आणि त्यातून होणारे मृत्यू यांविषयी ते होते. १९७४ मध्ये माइक म्युलर या पत्रकाराची 'द बेबी किलर' ही पुस्तिका ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झाली. परिचारिकेसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या स्त्रिया प्रसूतिगृहांत जाऊन डबे खपवीत, हे तिच्यामुळे जगापुढे आले. तो पांढरा पोशाखही एक चित्रच होते आणि 'दवाखान्याची याला मान्यता आहे' असे ते न बोलता सांगत होते.

डब्यातील दूध स्वतः विष नव्हे. गरीब घरात डबा अधिक दिवस पुरावा म्हणून भुकटी पातळ केली जाते, पाणी उकळलेले नसते, बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही. बाळाला जुलाब होतात, वजन उतरते. दरम्यान पाजणे थांबल्यामुळे आईचे दूधही आटते आणि मागे फिरण्याची वाट बंद होते. यांपैकी काहीच डब्यावरच्या चित्रात दिसत नाही. चित्रात चूल नसते, पाणी नसते, महिन्याअखेरीचा रिकामा डबाही नसतो.

२१ मे १९८१ रोजी जागतिक आरोग्य परिषदेने ११८ विरुद्ध १ अशा मतांनी मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीविषयी आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. विरोधाचे एकमेव मत अमेरिकेचे होते. १९८३ मध्ये भारताने आपली राष्ट्रीय संहिता केली. परंतु संहिता म्हणजे कायदा नव्हे. कायद्यासाठी जे प्रयत्न झाले, त्यांत मराठी मुलखाचा वाटा मोठा आहे. मुंबईचे बालरोगतज्ज्ञ डॉ. आर. के. आनंद यांनी उभी केलेली 'अकॅश' ही ग्राहकहिताची संस्था आणि आपल्या शेजारच्या विदर्भातील वर्धा येथे ३ डिसेंबर १९९१ रोजी स्थापन झालेले 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' या दोन्ही संस्थांनी हा विषय लावून धरला. १९९२ मध्ये संसदेने शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांविषयीचा कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला आणि २००३ मध्ये दुरुस्तीने अधिक कडक झाला. कायद्याचा भंग दिसल्यास तक्रार दाखल करण्याचा अधिकार शासनाने या दोन्ही संस्थांना दिलेला आहे.

या कायद्याचे वैशिष्ट्य असे की त्याने खोट्या दाव्याला बंदी करून न थांबता चित्रालाच बंदी केली. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या दुधाच्या किंवा आहाराच्या डब्यावर बाळाचे, स्त्रीचे किंवा दोघांचे चित्र छापता येत नाही. विक्री वाढावी अशा हेतूने केलेली अन्य कोणतीही चित्ररचना चालत नाही. आईचे दूध बाळासाठी सर्वोत्तम आहे, ही सूचना ठळकपणे छापावी लागते. या वस्तूंची जाहिरात करता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. चित्राला खोटे ठरवता येत नसल्यामुळे ते काढून टाकणे हाच मार्ग उरतो, हे कायदा करणाऱ्यांनी ओळखले होते. आज दुकानातील डब्यावर आपल्याला बाळ दिसत नाही, त्यामागे हा सारा इतिहास आहे.

वाढीचा तक्ताही एक चित्रच

येथे आपल्या वैद्यकीय बांधवांसाठी एक मुद्दा मुद्दाम मांडतो. दवाखान्यात आपण बाळाचे वजन ज्या तक्त्यावर मांडतो, तोही एका विशिष्ट बाळाचे चित्रच असतो. १९७७ पासून जगभर वापरला गेलेला अमेरिकन तक्ता तान्ह्या बाळांच्या बाबतीत ओहायो राज्यातील ज्या मुलांच्या नोंदींवर आधारलेला होता, त्यांतील बहुसंख्य मुले बाटलीच्या दुधावर वाढलेली होती. निव्वळ अंगावर पिणारे बाळ पहिल्या काही महिन्यांनंतर थोडे सडसडीत राहते. त्या तक्त्यावर त्याची रेषा खाली येताना दिसे, आणि मग आईला सांगितले जाई की तिचे दूध कमी पडते आहे. डब्यावरचे बाळ असे शास्त्राच्या वेषात आपल्या टेबलावर येऊन बसले होते.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांचा अभ्यास केला आणि २००६ मध्ये स्तनपानावर वाढलेल्या मुलांचे नवे मापदंड प्रसिद्ध केले. भारतातील मुले दिल्लीची होती. या मापदंडांनुसार एक वर्षाच्या मुलाचे मध्यम वजन ९.६ किलो आणि मुलीचे ८.९ किलो आहे. परंतु मुलाचे ७.७ आणि मुलीचे ७ किलोपर्यंतचे वजनही सर्वसाधारण मर्यादेत येते. एकाच वयाच्या दोन निरोगी बाळांत दोन किलोंचे अंतर असू शकते, हे आईला तक्त्यावर बोट ठेवून दाखवावे. पहिल्या सहा महिन्यांत बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याची रेषा आपल्या मार्गाने वर जात असेल, तर त्याला दूध पुरते आहे. एवढे एक वाक्य अनेक डब्यांची खरेदी टाळू शकते.

दोन वर्षांनंतर चित्र परत येते

कायद्याची मर्यादा दोन वर्षांची आहे. त्यापुढे मुलासाठी दुधात मिसळावयाच्या भुकट्या येतात आणि काढून टाकलेले चित्र तेथे नव्या रूपात परत येते. आता ते रांगणारे बाळ नसते. ते भिंतीवरील फूटपट्टीपाशी उभे राहून उंची मोजणारे, शर्यत जिंकणारे, वर्गात पहिले येणारे मूल असते. २००८ मध्ये हॉर्लिक्सची अशी एक जाहिरात, जी भारतीय उपखंडासाठी केलेली होती, ब्रिटनमध्ये दिसणाऱ्या एका वाहिनीवर दाखवली गेली. मुले अधिक उंच, अधिक बळकट आणि अधिक तल्लख होतात, असा तिचा आशय होता. तेथील जाहिरात नियामक संस्थेने ती पुन्हा दाखवण्यास मनाई केली. आपल्या घरांत जे चित्र रोज संध्याकाळी निमूटपणे पाहिले जात होते, ते दुसऱ्या देशात एका तपासणीतही टिकले नाही.

आपल्याकडे जाग यायला आणखी काही वर्षे गेली. एप्रिल २०२३ मध्ये बोर्नव्हिटातील साखरेविषयी एका तरुणाची चित्रफीत समाजमाध्यमांवर गाजली, तेव्हा राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने त्या कंपनीला दिशाभूल करणाऱ्या जाहिराती आणि वेष्टने मागे घेण्याविषयी नोटीस दिली. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशी पेये 'आरोग्य पेये' या विभागात दाखवू नयेत, असे ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात 'आरोग्य पेय' नावाची व्याख्याच नाही. याचा अर्थ ही पेये अपायकारकच आहेत असा नव्हे. दुधातून थोडी भुकटी घेतल्याने निरोगी मुलाचे काही बिघडत नाही. परंतु उंचीच्या आशेने मजुरी करणारे कुटुंब त्या बरणीवर खर्च करते, तेव्हा तोच पैसा अंडी, डाळ, शेंगदाणे आणि फळे यांतून कमी होतो. कुपोषणाशी आजही झगडणाऱ्या आपल्या बालाघाट जिल्ह्यात ही हानी लहान नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण जलसंजीवनीचे आहे. ओआरएसमध्ये मीठ आणि साखर यांचे प्रमाण ठरलेले असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरला ग्लुकोज केवळ १३.५ ग्रॅम असते. तथापि कागदी खोक्यांत मिळणाऱ्या काही गोड पेयांच्या नावातच 'ओआरएस' ही अक्षरे होती, वर रसाळ फळांचे चित्र होते आणि ती औषधांच्या दुकानात मिळत. त्यांतील साखर या प्रमाणाहून कितीतरी अधिक होती. जुलाब झालेल्या बाळाला असे अतिगोड पेय दिल्यास आतड्यात पाणी ओढले जाऊन जुलाब वाढू शकतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षे एकाकी झुंज दिली. मधल्या काळात 'हे ओआरएस नव्हे' असा खुलासा वेष्टनावर छापून ते नाव वापरण्याची सवलत मिळाली होती. छापलेला खुलासा वाचतो कोण? अखेर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, सूत्राप्रमाणे नसलेल्या कोणत्याही पेयाच्या नावात ही अक्षरे वापरण्यास मनाई केली. एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरच्या चिकाटीने काय साधू शकते, हे आपल्या व्यवसायाने अभिमानाने लक्षात ठेवावे.

मुलांना काय कळते?

जाहिरात ही विक्रीसाठी केलेली असते, ती माहिती नव्हे, हे सात-आठ वर्षांखालील मुलाला उमगत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २००४ मध्ये हा निष्कर्ष मांडला. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात तीन ते पाच वर्षांच्या ६३ मुलांना एकच पदार्थ दोन वेष्टनांत दिला. एक वेष्टन साधे होते, दुसऱ्यावर मॅकडोनाल्ड्सचे चिन्ह होते. पाचपैकी चार पदार्थांच्या बाबतीत चिन्ह असलेल्या वेष्टनातील पदार्थ मुलांना अधिक चविष्ट लागला, आणि त्या चारांत गाजरेसुद्धा होती. ज्या घरांत दूरचित्रवाणी संच अधिक होते, तेथील मुलांत हा परिणाम जास्त आढळला. म्हणजे चित्र निवड बदलतेच, शिवाय जिभेवरची चवही बदलते.

आता दूरचित्रवाणीची जागा मोबाईलने घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये दाखवून दिले की बाळदुधाची जाहिरात समाजमाध्यमांतून, मातांच्या गटांतून आणि लोकप्रिय व्यक्तींच्या तोंडून होते, आणि तिच्यावर 'जाहिरात' असे लिहिलेले नसते. पूर्वी डबा दुकानात होता आणि आई घरी. आज बाळाला पाजत असताना आईच्या हातातच ते दुसरे बाळ असते.

उलटी बाजू पाहण्याची सवय

आपले वारासिवनी हातमागाच्या साड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या गावातील जाणती स्त्री दुकानात साडी घेताना काय करते, ते आठवावे. पुतळ्याला नेसवलेल्या साडीवर ती भुलत नाही. ती पदर हातात घेते, पोत बोटांत चोळून पाहते, काठ उलटा करून मागचे धागे न्याहाळते. सरळ बाजू विणकर सजवतो, पण वीण उलट्या बाजूला कळते, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. हीच स्त्री मुलासाठी बरणी घेताना मात्र फक्त सरळ बाजू पाहते.

खाद्यपदार्थाच्या वेष्टनालाही उलटी बाजू असते. पुढच्या बाजूवर चित्र असते आणि मागे घटकांची यादी. नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. म्हणून पहिली तीन नावे वाचली तरी पदार्थ मुख्यतः कशाचा आहे, ते समजते. साखर पहिल्या तिनांत असेल, तर पुढच्या बाजूवरील बदाम आणि केशर यांकडे पाहण्याचे कारण उरत नाही. माल्टोडेक्स्ट्रिन, ग्लुकोज सिरप ही पिष्टमय आणि गोड घटकांचीच नावे आहेत, हेही ध्यानात ठेवावे. त्यानंतर शंभर ग्रॅममागे साखर किती, तो आकडा पाहावा.

आठ वर्षांवरील मुलांना चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी. हे चित्र कोणी दिले? त्याचा यात काय लाभ? चित्रात काय दाखवलेले नाही? मागे काय लिहिले आहे? शाळेतील गुरुजनांनी एखाद्या तासाला मुलांना रिकामी वेष्टने आणावयास सांगून हा खेळ घ्यावा. मुले यात मोठ्यांहून लवकर तरबेज होतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली केंद्रीय प्राधिकरणाकडे तक्रार करता येते आणि त्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, हेही समाजातील जाणत्यांनी लक्षात घ्यावे.

आपली भिंत, आपली स्मरणिका

शेवटी आपल्या व्यवसायाविषयी. जाहिरातदाराला जी जागा सर्वाधिक हवीशी वाटते, ती दवाखान्याची भिंत आहे. दुकानातील चित्राला ग्राहक थोडेतरी जोखतो. प्रतीक्षाकक्षातील कॅलेंडरवरचे चित्र मात्र डॉक्टरांनी मान्य केलेले समजले जाते. तेथे बसलेली आई काळजीत असते आणि तिला वेळही असतो. परिचारिकेच्या पोशाखातील त्या विक्रेत्या स्त्रियांचे काम आज आपली भिंत, आपले लेखणीदान आणि आपला औषधचिठ्ठीचा कागद करू शकतो. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने बाळदूध कंपन्यांकडून डॉक्टरांना आणि त्यांच्या संस्थांना भेटी, परिसंवाद, परिषदा, संशोधन यांसाठी आर्थिक साहाय्य देण्यास मनाई केली आहे. ही मनाई आपल्यासारख्या लहान गावातील संस्थांनाही लागू आहे.

काही मातांना बाळदूध द्यावेच लागते. आई दगावलेली असते, गंभीर आजारी असते, काही औषधे चालू असतात, बाळ दत्तक घेतलेले असते. अशा वेळी ते नीट प्रमाणात, उकळलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने कसे द्यावे, हे आपण स्वतः बसून शिकवावे. त्या आईला अपराधी वाटू देऊ नये. चित्राविरुद्धचा हा आग्रह आईविरुद्धचा आग्रह होता कामा नये.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार देशात जवळजवळ ८९ टक्के प्रसूती दवाखान्यांत होतात. तरीही पहिल्या तासात आईचे दूध मिळणारी बाळे सुमारे ४२ टक्केच आहेत. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला पहिल्या तासात अंगावर घेतले जात नसेल, तर त्याची जबाबदारी डब्यावर टाकता येणार नाही. ती आपल्यावरच येते.

म्हणून आपल्या संस्थेपुढे मी तीन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली, आपल्या सर्वांच्या प्रतीक्षाकक्षांतून कोणत्याही बालआहाराच्या कंपनीची कॅलेंडरे आणि तक्ते उतरवावेत, आणि त्या जागी जागतिक आरोग्य संघटनेचा वाढीचा तक्ता आणि स्तनपान करणाऱ्या आपल्याच भागातील मातेचे चित्र लावावे. चित्राचा प्रभाव पडतोच, तर तो आपल्या हेतूने पडावा. दुसरी, समाजातर्फे होणाऱ्या सुदृढ बालक स्पर्धेत गालांना गुण न देता लसीकरणाचे कार्ड, सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतरचा घट्ट वरण-भातासारखा घरचा आहार आणि वाढीची रेषा यांना गुण द्यावेत. त्यामुळे सावळे, सडसडीत, चपळ बाळही तेथे प्रथम येऊ शकेल. तिसरी, आपल्या स्मरणिकेत बालआहार आणि बालपेये यांची जाहिरात, दोन वर्षांवरील मुलांच्या उत्पादनांची असली तरी, न स्वीकारण्याचा ठराव करावा. यामुळे उत्पन्नात थोडी तूट येईल, याची मला जाणीव आहे. गावातील कापड दुकानदार, हातमागवाले, पुस्तकविक्रेते आणि धान्याचे व्यापारी ती भरून काढतील, असा विश्वास वाटतो. आगामी सर्वसाधारण सभेत या तिन्ही सूचनांवर विचार व्हावा, ही विनंती.